खलफच्या कागदातली ओळ

‘कुवेतमधल्या तुमच्या टायपिंग सेंटरच्या गमतीजमती लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं हवं असतं,’ असं संपादकांनी कळवलं होतं. गमतीजमती पुष्कळ आहेत. आमचं सेंटर जहरा नावाच्या गावात होतं, तिथे एक कुवेती म्हातारी दर हिवाळ्यात यायची आणि शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज टाइप करून घ्यायची. कोंबडा पहाटेच्या अजानच्या आधी आरवतो, म्हणजे तो अधर्मी आहे, असं तिचं म्हणणं. चार हिवाळे मी तो अर्ज गंभीर चेहऱ्याने लिहिला. पाचव्या हिवाळ्यात ती आली आणि म्हणाली, ‘कोंबडा मेला. आता मला पहाटे जागच येत नाही. याबद्दल कुठे अर्ज करता येतो का?’

असे किस्से सांगत बसलो तर अंक भरेल. पण मी लिहायला घेतलं की हात खलफकडेच वळतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, हे हलकंफुलकं होणार नाही. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल टोपलीत टाकावं.

टायपिंग सेंटर म्हणजे काय, ते थोडं सांगतो. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टेबल टाकून अर्ज लिहिणारे बसतात ना, तोच धंदा, फक्त एसीत. कुवेतमध्ये सरकारी खिडकीवर जे काही द्यायचं ते अरबीत द्यावं लागतं. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो नवा करायचा, बायकोला आणायचं, मालक बदलायचा, हरवलेल्या ओळखपत्राची तक्रार द्यायची, सगळ्याला कागद लागतो. हळूहळू बरंच काही मोबाइलवर गेलं, तरी ज्यांना लिहिता-वाचता येत नाही ती माणसं आमच्याच काउंटरवर यायची.

मी म्हसळ्याकडचा. सकाळी जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि संध्याकाळी मशिदीत कुराणाचे धडे, असं लहानपण गेलं. त्यामुळे अरबी अक्षरं मला फडाफड वाचता यायची, पण अर्थाच्या नावाने आनंदीआनंद होता. कुवेतला गेल्यावर दाभोळच्या उस्मानचाचांनी मला आपल्या सेंटरमध्ये घेतलं आणि अर्थही शिकवला. दोन वर्षांत मी कुवेती लोकांच्या बोलीत भांडू शकेन इतका तयार झालो. त्यांच्या रिवाजाप्रमाणे माझ्या मुलाच्या नावावरून मला सगळे ‘अबू यूसुफ’ म्हणू लागले.

चाचांचा एक नियम होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, ‘हे बघ इब्राहिम, लिवणारा तू, पन सही दुसऱ्याची हाय. वाचून दाखवल्याबिगर सही घ्यायची नाय. पयल्या शब्दापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं. कटाळा आला तरी वाचायचं. समोरचा झोपला तर उठवायचं नि वाचायचं.’

प्रतिज्ञापत्र असेल आणि अर्जदार निरक्षर असेल, तर खाली आम्ही एक ओळ टाकत असू. ‘मजकूर अर्जदारास वाचून दाखवला, त्याने तो मान्य केला.’ त्याखाली टायपिस्टची सही आणि सेंटरचा शिक्का. ही सही माझी सगळ्यात मोठी मिळकत आहे असं मला वाटायचं. गावी माझ्या सहीला पोस्टमनसुद्धा विचारत नव्हता आणि इथे तिच्यावर माणसं विसंबून होती.

कुवेत एवढासा देश. त्यात तीन माणसांमागे एक कुवेती आणि दोघं बाहेरचे. आम्ही बाहेरचे सगळे कुठल्या ना कुठल्या देशाचे होतो. कागद संपला, नोकरी गेली, तर विमानात बसवून घरी पाठवतील, एवढीच भीती. घर तर होतं. पण जहऱ्यात मला एक तिसरी जात भेटली. ती ना कुवेती, ना बाहेरची. त्यांना बिदून म्हणतात. बिदून म्हणजे ‘विना’. नागरिकत्वाविना. देश नवा झाला तेव्हा कुटुंबांची नोंद झाली, तेव्हा वाळवंटात राहणाऱ्या कित्येकांना तिचं महत्त्व कळलं नाही, कित्येकांपर्यंत ती पोचलीच नाही. त्यांची मुलं-नातवंडं तिथेच जन्मली, तिथलीच बोली बोलतात, तिथेच मरतात आणि कागदावर मात्र कुठलीच नसतात.

खलफ असा बिदून होता. मी त्याला ओळखायला लागलो तेव्हा तो चाळिशी उलटलेला होता. जहऱ्याच्या बाहेर रस्त्याच्या कडेला पिकअप उभी करून उन्हाळ्यात कलिंगडं आणि हिवाळ्यात खजूर विकायचा. उंच, काटक, लाल-पांढऱ्या रुमालाखाली डोळे नेहमी बारीक केलेले. त्याच्या बापाची गोष्ट तो प्रत्येक वेळी सांगायचा. नोंदणीवाले आले तेव्हा बाप उंटांचा कळप घेऊन पाण्याच्या शोधात गेला होता. परत येईपर्यंत नोंद संपली होती. ‘माझा बाप चार दिवस उशिरा आला, अबू यूसुफ,’ तो म्हणायचा. ‘त्या चार दिवसांत आमच्या तीन पिढ्या गेल्या.’

त्याला एकच मुलगी होती, मौदी. सहा वर्षांची. बिदूनांना सरकार एक वेगळं ओळखपत्र देतं, खलफच्या त्या ओळखपत्राची मुदत संपली होती, त्यामुळे मुलीचा जन्मदाखला निघत नव्हता, आणि दाखला नाही म्हणून शाळा घेत नव्हती. शेजारची मुलं दप्तरं घेऊन बसमध्ये चढायची तेव्हा ही दारात उभी राहायची. खलफने शाळेसाठी माझ्याकडून सात अर्ज लिहून घेतले. सातही परत आले.

मग एक दलाल उगवला. अंगात इस्त्री केलेली पांढरी दिशदाशा, म्हणजे तिकडचा पायघोळ झगा, हातात तीन मोबाइल. त्याच्याकडे तोड होती. दूरच्या समुद्रात एक छोटं बेटाचं राष्ट्र आहे, तिथलं सरकार बिदून लोकांना नागरिकत्व देतं. तिकडे जायची गरज नाही, राहायची गरज नाही. पासपोर्ट इथेच हातात पडेल. त्यावर रीतसर इकामा मिळेल, इकाम्यावर मुलीचा दाखला आणि दाखल्यावर शाळा. त्या देशाचं नाव मी देत नाही. तिथल्या गरिबांवर माझा राग नाही.

खलफ सरळ माझ्याकडे आला. मौदीला बाकावर बसवलं आणि म्हणाला, ‘मला त्या देशाबद्दल सांग. माणूस लग्न करतो तर घराण्याची चौकशी करतो. मी तर त्यांचं नाव घेणार आहे.’

मी कॉम्प्युटरवर त्या देशाचं पान काढलं आणि लोकसंख्या, अर्थव्यवस्था असं एकेक वाचून त्याला सांगू लागलो. बेटं थोडीच. माणसं आपल्या एखाद्या बऱ्यापैकी शहरात मावतील एवढी, पण जागेच्या मानाने दाटी, आणि त्यांत पोरंबाळंच जास्त. शेतात लवंग आणि नारळ, समुद्रात मासे. कारखाने नाहीत. तरुण माणसं बोटीने परदेशी जातात आणि तिथून पैसे पाठवतात, त्यावर घरं चालतात. बंदर लहान आहे, मोठी जहाजं लागत नाहीत. तांदूळ बाहेरून येतो.

वाचता वाचता मला हसू आलं. म्हटलं, ‘अबू मौदी, हा तर माझाच मुलूख आहे. आमच्याकडेही नारळ, मासे, आणि परदेशी गेलेले पुरुष. पाऊसही तसाच पडत असणार.’

‘पाऊस किती?’

‘चार महिने.’

‘चार महिने!’ त्याने मौदीकडे वळून पाहिलं. ‘ऐकलंस? तुझ्या नव्या देशात चार महिने पाऊस पडतो.’ पोरगी हसली. तिला त्यातलं काय कळलं असेल देव जाणे.

मग तो मला म्हणाला, ‘एवढा गरीब देश आपलं नागरिकत्व मला का देईल?’

उत्तर त्याच पानावर होतं. लवंग-नारळ विकून देश चालत नाही, म्हणून त्यांनी आपलं नाव विकायला काढलं होतं. एका सरकारकडे पैसा नव्हता, दुसऱ्याला ही माणसं आपल्या यादीत नको होती, आणि दोघांच्या सोयीचा सौदा खलफच्या पाठीवरून होत होता. हे मला त्या दिवशीच कळलं होतं. मी त्याला फक्त एवढंच म्हणालो, ‘कागद तो कागद. पोरगी शाळेत जाईल.’

त्याने मौदीला बाकावरून उठवून जवळ घेतलं. मग म्हणाला, ‘कागद घेईन. पण एक सांगून ठेवतो, अबू यूसुफ. माझा बाप इथला नव्हता असं मी तोंडाने म्हणणार नाही. त्याची कबर इथे आहे. ते सोडून काहीही लिही.’

दोन दिवसांनी दलाल प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन आला. दीड पानाचा. मी तो टाइप केला. दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला वाक्य होतं, ‘माझे मूळ घराणे सदर बेटावरील असून, कुवेतच्या नागरिकत्वावर माझा कोणताही हक्क नाही व यापुढे मी तो सांगणार नाही.’ मी दलालाला म्हटलं, हे काढता येईल का? तो म्हणाला, ‘हे काढलं तर बाकीचं ठेवून उपयोग काय? याच्यासाठीच तर सगळं चाललंय.’ फाइल त्याच दिवशी द्यायची होती. पासपोर्टांची पुढची तुकडी कधी निघेल ते त्यालाही माहीत नव्हतं.

खलफ अकराच्या सुमारास आला. मौदी बरोबर होती. तिने नवा फ्रॉक घातला होता, जणू शाळा आजच सुरू होणार होती. बाकावर बसून ती भिंतीवरच्या पाटीतली अक्षरं बोटाने हवेत गिरवत होती. तिला ती वाचता येत नव्हती, नुसते आकार काढत होती.

मी वाचायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, जन्मठिकाण. खलफ प्रत्येक ओळीला मान हलवत होता. पहिलं पान संपलं. मी पान उलटलं. ती ओळ समोर होती.

मला सगळं दिसत होतं. मी ती वाचली असती तर हा माणूस उठला असता, मुलीचं बोट धरलं असतं आणि निघून गेला असता. त्याची मुलगी जन्मभर हवेत अक्षरं गिरवत बसली असती. मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. माझे डोळे आपोआप खालच्या ओळीवर गेले आणि मी तिथून पुढे वाचलं. आवाजात जराही फरक पडला नाही. वीस वर्षांचा सराव होता.

‘झालं?’ खलफने विचारलं.

‘झालं.’

त्याने अंगठा उठवला. मी ‘मजकूर वाचून दाखवला’ याखाली सही केली आणि शिक्का मारला. दलाल फाइल घेऊन गेला.

उस्मानचाचा शेजारच्या टेबलावर होते. त्यांचे कान तीक्ष्ण. दुपारी डबा उघडताना म्हणाले, ‘आज तुझं लवकर आटापलं.’ मी म्हटलं, कागद छोटा होता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि भात कालवायला लागले. त्यावर ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत. त्यांनी एक शिवी हासडली असती तर मी कदाचित धावत जाऊन फाइल परत आणली असती, असं मी नंतर स्वतःला सांगायचो. म्हणजे तोही दोष चाचांवर ढकलून मी मोकळा.

पुढची काही वर्षं मात्र छान गेली. खोटं का बोला, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. पासपोर्ट आला, इकामा लागला, दाखला निघाला. मौदी शाळेत गेली. दर वर्षी निकाल लागला की खलफ तिचं प्रगतिपुस्तक काउंटरवर ठेवायचा आणि मला मोठ्याने वाचायला लावायचा. गणितात पहिली, अरबीत पहिली. चांगला पाऊस झालेल्या वर्षी वाळवंटात फगा उगवतो, जमिनीत वाढणारं बटाट्यासारखं एक अळंबं, कुवेती लोक त्यावर जीव टाकतात. खलफ तो स्वतः उकरून पिशवीभर आणून द्यायचा. मी तो मिटक्या मारत खाल्ला. पाच वर्षांनी पासपोर्ट एकदा नवाही झाला.

दुसऱ्यांदा झाला नाही. तोवर त्या बेटावर सरकार बदललं होतं. नवे लोक म्हणाले, आधीच्यांनी वाटलेले हे पासपोर्ट आम्ही ओळखत नाही, नवे करून देणार नाही. दलालाचे तिन्ही मोबाइल बंद. पासपोर्ट नाही म्हणून इकामा नाही. इकामा नाही म्हणून गाडीचा परवाना नाही, खलफची पिकअप दाराशी धूळ खात उभी राहिली. बिदूनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत गेला तर त्यांनी संगणकात बघून सांगितलं, ‘तुमची फाइल बंद आहे. तुम्ही परदेशी आहात. तुम्हीच लिहून दिलंय.’ आधी तो कुठलाच नव्हता, तरी निदान इथल्या ‘विना’ लोकांत त्याची गणती होती. आता तो ज्या देशाचा म्हणून नोंदला होता तो देश त्याला ओळखत नव्हता, आणि जिथे जन्मला तिथे मुदत संपलेला पाहुणा झाला होता.

मौदी तेव्हा अठराची झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. गुण होते. प्रवेशाच्या खिडकीवर वैध ओळखपत्र मागितलं, तिथे सगळं थांबलं.

एके दिवशी बापलेक सेंटरमध्ये आले. उस्मानचाचा त्याआधीच देवाघरी गेले होते, काउंटर मीच बघत होतो. माझेही मोजके दिवस उरले होते. तीन महिन्यांनी काम सोडून कायमचा गावी निघणार होतो. मौदीच्या हातात दोन कागद होते. एक, कचेरीतून मिळवलेली त्या प्रतिज्ञापत्राची प्रत. दुसरा, तिने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेला अर्ज. बंद फाइल पुन्हा उघडावी म्हणून.

मी अर्ज वाचला. सगळा अर्ज एका वाक्यावर उभा होता. ‘माझ्या वडिलांना वाचता येत नाही आणि हे वाक्य त्यांना वाचून दाखवण्यात आले नव्हते.’

खलफ खुर्चीत बसला होता. म्हातारा दिसत होता. मौदी उभी होती. ती मला लहानपणापासून ‘अम्मी’ म्हणायची. अम्मी म्हणजे तिकडे काका. तिने प्रतिज्ञापत्राची प्रत माझ्यासमोर ठेवली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं,

‘अम्मी, खाली सही तुमची आहे. बाबा म्हणतात हे त्यांनी कधीच ऐकलं नाही. तुम्ही ही ओळ वाचली होती का?’

आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी ‘नाही’ म्हणालो असतो आणि तसं लिहून दिलं असतं तर त्या अर्जात दम आला असता. फाइल उघडली असती की नाही, सांगता येत नाही. निदान कुणाला तरी ती हातात घ्यावी लागली असती. आणि माझी चौकशी झाली असती. खोटी सही. सेंटरचा परवाना, माझा इकामा, एवढ्या वर्षांच्या नोकरीचा हिशेब, सगळं अडकलं असतं. कदाचित तुरुंग. यूसुफच्या मुलीचं तोंडही मी अजून पाहिलं नव्हतं. हे सगळं डोळ्यांसमोरून जायला किती वेळ लागतो? काहीच नाही.

‘हो,’ मी म्हणालो. ‘वाचली होती.’

मौदी माझ्याकडे बघत राहिली. तिला शंका आली होती. तिने बापाकडे वळून पाहिलं.

खलफने रुमाल सारखा केला. ‘मग वाचली असेल,’ तो म्हणाला. ‘बारा वर्षं झाली. तेव्हा माझं लक्ष तुझ्याकडे होतं बेटी, तू नवा फ्रॉक घातला होतास. मी ऐकलं नसेन. काढ ते वाक्य.’

‘पण बाबा, त्याच्याशिवाय अर्जात काही उरतच नाही.’

‘काढ म्हटलं ना! अबू यूसुफवर खोटा आळ घेऊन मला काही नको.’

तिने माझंच पेन मागितलं. ते वाक्य खोडलं. उरलेला अर्ज मी टाइप केला आणि शेवटच्या टिंबापर्यंत वाचून दाखवला. खलफ प्रत्येक ओळीला मान हलवत होता. आठवड्याभरात अर्ज परत आला. शेरा होता, ‘अर्जदारास मजकूर वाचून दाखवल्याची नोंद आहे. विचार करता येत नाही.’

निघण्याआधी मी खलफला भेटायला गेलो नाही. तो आला. चालत आला, चांगली तासभराची वाट, कारण गाडी चालवली तर पकडतील ही भीती. माझ्या नातीसाठी खजुराचा डबा आणला होता. त्याने मला मिठी मारली, दोन्ही गालांवर ओठ टेकवले आणि म्हणाला, ‘बारा वर्षांपूर्वी तू मदत केलीस म्हणून ती शिकली. नाहीतर तेही झालं नसतं.’ मी तो डबा घेतला. घ्यायला नको होता.

आता गावी येऊन दीड वर्ष झालं. सेंटरमध्ये आता माझ्या जागी बसणाऱ्या मुलाचा अधूनमधून फोन येतो. खलफ घराबाहेर पडत नाही. मौदी गल्लीतल्या ज्या बिदून मुलांना शाळा घेत नाही त्यांना आपल्या खोलीत शिकवते. तिचे स्वतःचे दिवस तसेच चाललेत. मुलगा म्हणाला, ती अजून मधूनमधून येते आणि नवा अर्ज टाइप करून नेते. ते खोडलेलं वाक्य ती पुन्हा घालत नाही. बापाने तिच्याकडून तसं वचन घेतलंय.

माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. यूसुफलाही नाही. हा लेख छापून आला तर कळेल. मी ती ओळ वाचली नव्हती. पानाच्या सुरुवातीला होती, मला स्पष्ट दिसत होती आणि मी ती गाळली. एवढं एक वाक्य अरबीत लिहून, खाली सही करून मी जहऱ्याला पाठवलं असतं तर त्या मुलीच्या अर्जाला पाय फुटले असते. अरबी मला उत्तम येते. तरी मी ते मराठीत लिहिलं, म्हणजे मौदीला आणि त्या कचेरीतल्या कुणालाच वाचता येणार नाही.